समुद्र डाव्या हाताला

प्रत्येक माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो की त्याला क्षितिजाची हाक ऐकू येते, आणि त्यानंतर तो पूर्वीचा माणूस राहत नाही. मिनिटरावांच्या आयुष्यात हा क्षण एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून बारा मिनिटांनी आला. चौकशीअंती ती हाक क्षितिजाची नसून टेबलावरच्या फोनची निघाली.

"मिनिट्या, मुलगी मला न्यायला येतेय," पलीकडून मास्तर म्हणाले. "सव्वीस तारखेला. कायमचं."

"किती वाजता?" मिनिटरावांनी विचारलं.

त्यांना दुसरंच काहीतरी विचारायचं होतं. पण बावीस वर्षं बस डेपोच्या वेळापत्रक विभागात काढलेल्या माणसाच्या तोंडून पहिला प्रश्न हाच निघतो.

मिनिटराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथंच सुखरूप होतं. कोणती बस किती वाजता सुटायची आणि कुठं किती वाजता पोचायची, हे ते ठरवत. बस त्यांचं ऐकत नसत, हा भाग वेगळा. त्यांच्या कागदांवर थांब्यांना नावं नसत, आकडे असत. नावं दर निवडणुकीनंतर बदलतात, आकडे बदलत नाहीत, असं एका जुन्या साहेबांनी ठरवून दिलं होतं, आणि ते साहेब गेले तरी आकडे राहिले. त्यामुळे जगाबद्दल मिनिटरावांची माहिती अचूक आणि निरुपयोगी होती. थांबा सहा ते थांबा सात, बावीस मिनिटं, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. तिथं डोंगर आहे, बाजार आहे की खड्डा, हे त्यांना कधी कोणी विचारलं नव्हतं. ते स्वतः बसनं जात नसत. घरापासून डेपो चालत सहा मिनिटांवर होता.

त्यांचा उजवा पाय स्थिर राहत नसे. बसले की तो हलायला लागायचा, टेबल थरथरायचं, टेबलावरची काच किणकिणायची. समोरच्या आवक-जावकबाई आपला चहा खिडकीत ठेवून प्यायच्या. टेबलावर ठेवला की तो बशीत उतरतो, असं त्यांचं म्हणणं होतं. घरी बायको म्हणायची, "एवढा पाय हलवण्यापेक्षा शिवणयंत्राला जोडून घ्या, चार उशांचे अभ्रे तरी होतील."

हा पाय जगात एकाच ठिकाणी थांबायचा: मास्तरांच्या गाडीत, मागच्या सीटवर.

मास्तर ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे. एक खोली, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, कोपऱ्यात उभं कापून ठेवलेलं अर्धं इंजिन, आणि एक गाडी. गाडीला डावीकडंही ब्रेक होता, कारण डावीकडं मास्तर बसायचे. सव्वीस वर्षं ते त्याच जागेवर बसून दुसऱ्यांच्या चुका दाबत आले होते. समोरच्या भिंतीवर पास झालेल्या विद्यार्थ्यांचे फोटो होते, दोनशे ऐंशी, प्रत्येकाखाली क्रमांक. दोनशे एकोणीस नंबरच्या फोटोत मिनिटराव हसत होते.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी मिनिटरावांच्या बायकोशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती. मिनिटराव पास झालेले नव्हते. चौदा वर्षांपूर्वी परीक्षेच्या दिवशी सिग्नलला गाडी थांबली, दिवा हिरवा झाला, आणि मिनिटराव घड्याळात बघत बसले. हा सिग्नल किती सेकंदांचा आहे, हे त्यांना बघायचं होतं. दिवा पुन्हा लाल झाला. शेजारी बसलेल्या परीक्षकानं कागदावर काहीतरी लिहिलं. "एकोणचाळीस," मिनिटराव समाधानानं म्हणाले. परीक्षकानं आणखी काहीतरी लिहिलं. नापास होऊन ते स्कूलमध्ये परतले, तर मास्तरांनी केकचा खोका आधीच उघडून ठेवलेला आणि हातात कॅमेरा. "हस!" मास्तर ओरडले. मिनिटराव हसले. मग फोटो भिंतीवर लागला, आणि भिंतीवर लागलेली गोष्ट खोटी आहे असं सांगायला जी छाती लागते ती मिनिटरावांकडे नव्हती. तिथूनच दोस्ती झाली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सहाला ते स्कूलमध्ये जायचे आणि शेवटच्या धड्याला मागच्या सीटवर बसायचे.

स्कूलच्या भिंतीवर एक कॅलेंडरही होतं. नऊ वर्षांपूर्वीचं. तारखा केव्हाच शिळ्या झाल्या होत्या, पण वरचं चित्र फेकवत नव्हतं: एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मधून वळत वळत गेलेला रस्ता. तो रस्ता त्यांच्याच गावापासून सुरू होतो, हे मास्तरांनी कुठंतरी वाचलं होतं. त्या चित्राखाली बसून दोघांनी नऊ वर्षांपूर्वी ठरवलं: जायचं. गाडीनं, किनाऱ्याकिनाऱ्यानं, सहा दिवस.

तेव्हापासून बेताच्या अकरा आवृत्त्या झाल्या होत्या. मुक्काम कुठं करायचा यावर भांडण झालं, गाडीत गाणी लावायची का यावर झालं, सूर्यास्त सलग सहा दिवस बघायचा की एकआड एक, यावर तर दोघं महिनाभर बोलत नव्हते. फक्त एका गोष्टीवर नऊ वर्षांत कधी वाद झाला नाही. समुद्र डाव्या हाताला हवा. जाताना आतल्या हमरस्त्यानं जाऊन येताना किनाऱ्यानं यावं, असं एकदा आवक-जावकबाईंनी सुचवलं होतं; दोघांनीही ते एका आवाजात फेटाळलं, कारण मग समुद्र उजव्या हाताला आला असता. मिनिटरावांना या बाबतीत मास्तरांच्या मनाचा मोठेपणा जाणवायचा. माझ्या खिडकीसाठी हा माणूस एवढा हट्ट धरतो, असं त्यांच्या मनात यायचं. त्याच वेळी मास्तरांच्या मनातही नेमकं हेच यायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

फोन आल्यावर पाय जो सुटला तो थांबेना. सव्वीसला मास्तर जाणार. पंचवीसला गाडी दुसऱ्या स्कूलवाल्याच्या ताब्यात. मग मंगळवारी सहाला जायचं कुठं? मिनिटरावांनी समोर कागद ओढला. अठरा ते तेवीस, सहा दिवस. नऊ वर्षं जे झालं नाही ते आता झालं नाही, तर पुढं होणार नव्हतं. आकडेमोड इतकी सोपी होती की त्यांना धडकी भरली.

त्यांनी रजेचा अर्ज लिहिला आणि साहेबांपुढं ठेवला.

"तुमच्या गैरहजेरीत बस वेळेवर सुटतील ना?" साहेबांनी विचारलं.

"आत्ता तरी कुठं सुटतात?"

साहेबांना हे पटलं. त्यांनी सही केली.

संध्याकाळी सहाला मिनिटराव मागच्या सीटवर होते. गाडी डॉक्टरीणबाई चालवत होत्या. बाई दातांच्या डॉक्टर. दुसऱ्याच्या जबड्यात यंत्र घालताना त्यांचा हात हलत नसे, पण गिअर बदलायचा म्हटलं की त्यांच्या कपाळावर घाम यायचा. डावीकडं मास्तर, पाय ब्रेकवर.

"बारावी आवृत्ती," मिनिटरावांनी फाइल उघडली. "अठरा तारीख. दिवस पहिला. सहा वाजता प्रस्थान. सहा चाळीसला पूल. पुलावर थांबणे, चार मिनिटं."

"क्लच," मास्तर म्हणाले.

"पुलावर?"

"तुला नाही रे, बाईंना. बाई, क्लच दाबा आधी. तो काय हिरडी आहे का, हळूच बोट लावताय?"

गाडीनं आचका दिला आणि पुढं निघाली.

"पूल ते दीपगृह बावीस मिनिटं," मिनिटराव पुढं वाचू लागले.

"तुला काय ठाऊक? गेलायस तिथं?"

"नाही. नकाशावरून अंतर काढलं, वळणांचा हिशेब धरला. बावीसच लागतात." हा आकडा त्यांना कुठंतरी भेटल्यासारखा वाटत होता. पण त्यांना सगळेच आकडे भेटल्यासारखे वाटत. "दीपगृह, सात वाजून सहा मिनिटं. अवाक होणे, सात मिनिटं."

"अवाक व्हायला सात मिनिटं?" डॉक्टरीणबाईंनी आरशातून मागं बघितलं.

"बाई, समोर बघा! अवाक आम्ही व्हायचंय."

"आधी पाचच होती," मिनिटराव म्हणाले. "मास्तरांनी सहा करायला सांगितली. एक राखीव आहे."

"माझ्याकडे लोक आ वासून चाळीस चाळीस मिनिटं बसतात," बाई म्हणाल्या. "आणि परत येतात."

डावीकडून एक सायकलवाला आला. बाईंना दिसायच्या आत मास्तरांचा पाय खाली गेला. गाडी थांबली. सायकलवाला आपल्याला काही झालंच नाही अशा थाटात निघून गेला. आणि खरोखरच काही झालं नव्हतं, ते मास्तरांमुळे.

"तिकडं असं बसायला मिळणार का मला?" मास्तर अचानक म्हणाले. ते समोरच बघत होते. "जावई म्हणतो, बाबा, बारावा मजला आहे, हवा छान आहे. हवेचं काय, माणसं नसली की हवा छानच असते."

"खिडकीतून काय दिसतं?"

"दुसरा बारावा मजला."

गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रडतरडत चालली होती. मिनिटरावांचा पाय मात्र थांबलेला होता, नेहमीसारखा. ते आपल्या त्या पायाकडे बघत राहिले. सव्वीसनंतर हा बिचारा कुठं थांबेल?

"समुद्र?" मास्तरांनी विचारलं. बेताचं वाचन झालं की शेवटी हा प्रश्न यायचाच, सभेच्या शेवटी आभार यावेत तसा.

"डाव्या हाताला."

"बास."

"मजा आहे तुमची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण सहा दिवस, एवढी वळणं, आणि गाडी कोण चा..."

"ब्रेक!" मास्तर ओरडले आणि स्वतःच दाबला. समोर मांजर होतं. मांजर गेलं, आणि प्रश्नही गेला.

धडा नेहमीप्रमाणे मास्तरांच्या दारात संपला. सकाळचा पहिला विद्यार्थी मास्तरांना दारातून घेऊन जायचा आणि संध्याकाळचा शेवटचा दारात सोडायचा. मग गाडी रात्रभर तिथंच उभी असायची. एवढी वर्षं हेच चाललं होतं. मिनिटरावांना वाटायचं, काय शिस्त आहे या माणसाची. आपल्या हातानं चालवून घरी जाणं किती सोपं, पण नाही. शेवटच्या वळणापर्यंत विद्यार्थ्यालाच शिकू देतो.

पुढचे नऊ दिवस मिनिटरावांनी घरात कोणाला सुखानं बसू दिलं नाही. घरात कोण, तर बायको. बॅग पाच दिवस आधी भरून दारात ठेवली, मग तिच्यात टॉर्च राहिला म्हणून उपसली, मग टॉर्चचे सेल राहिले म्हणून पुन्हा. तेराव्या आवृत्तीत त्यांनी ‘अनपेक्षित आनंद’ या सदराखाली रोज पंधरा मिनिटं राखून ठेवली. चौदाव्यात ती दहावर आणली. गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते अकरा पावलं चालायचे, वळायचे, अकरा पावलं चालायचे. दिवसातून दोनदा मास्तरांकडे जाऊन टायरमधली हवा बघून यायचे.

"हवा आहे," मास्तर सांगायचे.

"सकाळी पण होती. तरी बघितलेली बरी."

"अहो, बसा की जरा," बायको म्हणायची. "समुद्र काही उठून जाणार नाहीये."

"समुद्र नाही. मास्तर जाणार आहेत."

तिनं बॅगेतून पडलेला टॉर्च उचलून परत आत ठेवला. "छान आहे तो रस्ता," ती म्हणाली. " दीपगृहापाशी वारा फार असतो, कानाला काहीतरी घ्या."

मिनिटरावांनी ‘कानटोपी’ असं लिहून घेतलं. हिला वाऱ्याचं कसं ठाऊक, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात डोकावला आणि पंधराव्या आवृत्तीच्या गर्दीत चेंगरला.

अठरा तारखेला पहाटे पाच अठ्ठेचाळीसला ते मास्तरांच्या दारात उभे होते. खांद्याला बॅग, काखेत फाइल, डोक्याला कानटोपी. उजेड फुटत होता. गल्ली अजून झोपलेली होती. फक्त समोरच्या बेकरीच्या मागच्या दारातून गरम पावाचा वास येत होता. गाडी पुसून लख्ख केलेली. टपावरची ‘शिकाऊ’ पाटी मास्तरांनी काढून ठेवली होती, त्यामुळे गाडी एकदम वयात आल्यासारखी दिसत होती.

मास्तर बाहेर आले. बुटांना पॉलिश, खिशाला काळा चष्मा. त्यांनी दाराला कुलूप लावलं, बॅगा मागं टाकल्या, आणि दोघं निघाले ते थेट गाडीच्या डाव्या दाराशी आले.

दोघांचेही हात एकाच मुठीवर पडले.

"मास्तर, तुम्ही तिकडनं," मिनिटराव अदबीनं म्हणाले.

"कुठनं?"

"स्टिअरिंगच्या बाजूनं."

"मी कशाला? तू बस ना तिकडं."

"मी?"

"मग काय मी?"

बेकरीत कोणीतरी लोखंडी ट्रे आपटला. मिनिटरावांनी घड्याळ बघितलं. पाच अठ्ठावन्न.

"हे बघ, मिनिट्या," मास्तर समजावणीच्या सुरात म्हणाले. "माझी जागा ही. विद्यार्थी तिकडं, मी इकडं. सव्वीस वर्षांत बदललेलं नाही. आणि समुद्र डाव्या हाताला, हे तर तूच म्हणायचास."

"मी माझ्यासाठी म्हणत होतो!"

"मला वाटलं माझ्यासाठी."

"गाडी तुमची, स्कूल तुमचं, चालवणार तुम्हीच ना?"

"तू पास झालेला माणूस आहेस. दोनशे एकोणीस नंबर. मी म्हटलं, चौदा वर्षांत हात साफ झाला असेल."

आता काही इलाज नव्हता. मिनिटरावांनी कानटोपी काढली. काही गोष्टी कानटोपी घालून सांगता येत नाहीत.

"मास्तर, मी पास झालो नव्हतो."

मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. "मग फोटोत हसतोयस कशाला?"

"तुम्ही केकचा खोका उघडला होता."

मास्तर फुटपाथच्या कडेवर बसले. थोडा वेळ त्यांनी पॉलिश केलेल्या बुटांकडे बघितलं.

"म्हणजे दोनशे एकोणऐंशीच," ते म्हणाले. मग म्हणाले, "बरं, तू सांगितलंस तर मीही सांगतो. मी गाडी चालवत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे चालवत नाही. स्कूल काढलं तेव्हापासून. मी थांबवतो."

"पण येतं ना तुम्हाला?"

"येतं म्हणजे काय, मी शिकवतो. पण शिकवणं वेगळं. आठ वर्षांपूर्वी एका रविवारी बसलो होतो तिकडं, म्हटलं बघू. किल्ली फिरवली, गिअर टाकला आणि डावीकडं बघितलं, तर कोणी नाही. ब्रेकवर कोणाचा पायच नाही! कोणाच्या भरवशावर निघायचं रे माणसानं? उतरलो."

मिनिटराव गाडीला टेकून उभे होते. त्यांचा पाय इतका हलत होता की गाडीचा आरसा थरथरायला लागला. सहा वाजून तीन मिनिटं. बेतातल्या राखीव वेळेतले तीन गेले. डोक्यात सोळावी आवृत्ती आपोआप सुरू झाली होती: तेवीस, चोवीस, पंचवीसला गाडी जाणार, सव्वीसला मास्तर, मंगळवारी सहा वाजता कुठं...

"मी चालवतो," ते एकदम म्हणाले. "तुम्ही बसा डावीकडं. तुमचा पाय आहे ना ब्रेकवर, मग काय होणार आहे? सावकाश जाऊ. दुसऱ्या गिअरमध्ये जाऊ."

"लायसन आहे?"

"नाही."

"शिकाऊ?"

"त्याची मुदत चौदा वर्षांपूर्वी संपली."

मास्तरांनी मान हलवली. "दोनशे ऐंशी... एकोणऐंशी माणसं मी कायद्यानं रस्त्यावर आणली. शेवटच्या आठवड्यात बिनलायसनचा मित्र घेऊन निघू? शोभत नाही."

"डॉक्टरीणबाईंना विचारायचं का?"

"त्या अजून डावं वळण उजवीकडून घेतात."

नऊ वर्षांचा, पंधरा आवृत्त्यांचा बेत त्या गाडीत व्यवस्थित रचून ठेवलेला होता, आणि त्याला हलवणारा माणूस नव्हता. मिनिटराव गाडीभोवती एक फेरी मारून आले. मग उलट दिशेनं दुसरी मारली. टायरमध्ये हवा होती.

सहा चौदाला गल्लीच्या तोंडाशी बायको दिसली. हातात डबा. डबा घरीच राहिला होता; पंधराही आवृत्त्यांत त्याची नोंद नव्हती.

"हे काय, अजून इथंच?" ती म्हणाली. "आणि भावजी, तुम्ही खाली का बसलात?"

"वहिनी, घोडं अडलंय," मास्तर म्हणाले.

"गाडी बिघडली?"

"गाडी उत्तम आहे."

मग दोघांनी मिळून, एकमेकांची वाक्यं तोडत, तिला सगळं सांगितलं. फोटो, केक, ब्रेक, रविवार. ती ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही; पंचवीस वर्षांच्या संसारात ही कला येते.

"मग सत्तेचाळीसनं जा की," ती म्हणाली.

"कशानं?"

"सत्तेचाळीस नंबरच्या बसनं. तिकडनंच जाते ती. पूल, दीपगृह, सगळं. सव्वासहाला डेपोतनं सुटते, आत्ता येईल चौकात."

मिनिटराव तिच्याकडे बघत राहिले. सत्तेचाळीस त्यांना तोंडपाठ होती. एकोणीस थांबे, दिवसाला दोन फेऱ्या, पहिली सुटण्याची वेळ सहा पंधरा. थांबा सहा ते थांबा सात, बावीस मिनिटं.

बावीस.

"सहा म्हणजे पूल," ते हळूच म्हणाले. "सात म्हणजे दीपगृह."

"मला आकडे ठाऊक नाहीत. गेल्या मे महिन्यात मी आणि ताई जाऊन आलो नाही का? संध्याकाळी जेवायला घरी होतो."

"मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की! आल्या आल्या सांगितलं. म्हटलं, काय समुद्र आहे, काय वारा आहे! तुम्ही विचारलंत, बस वेळेवर होती का?"

मिनिटरावांना ते आठवलं नाही, पण हे वाक्य आपलंच आहे हे त्यांना ओळखता आलं.

"होती का?" त्यांनी विचारलं.

"नऊ मिनिटं उशिरा. चला, पळा आता."

दोघं पळाले. म्हणजे मिनिटराव पळाले आणि मास्तर, प्रत्येक कोपऱ्यावर थांबून दोन्हीकडं बघत, मागून आले. सत्तेचाळीस नंबर चौकात शिरत होती. वाहकानं दार उघडलं, समोर वेळापत्रक विभागाचे साहेब हातात फाइल घेऊन उभे बघितले, आणि त्याचा चेहरा पडला.

"तपासणी आहे का, साहेब?"

"नाही, नाही. समुद्र बघायचाय."

वाहकानं समजल्यासारखी मान हलवली आणि पुढं जाऊन चालकाच्या कानात काहीतरी सांगितलं. त्या दिवशी सत्तेचाळीस नंबर अकरा वर्षांत पहिल्यांदा प्रत्येक थांब्यावर मिनिटाला मिनिट वेळेवर पोचली.

बस निम्म्याहून जास्त भरली होती. डावीकडं एकच खिडकी रिकामी होती, तिच्या शेजारी छत्र्यांचं गाठोडं मांडीवर घेतलेला एक दुरुस्तीवाला. उजवीकडं, मधल्या वाटेपलीकडं, एक जागा. दोघं त्या खिडकीपाशी उभे राहिले. मिनिटरावांनी तिच्याकडं बघितलं. नऊ वर्षं त्यांनी स्वतःला तिथंच बसलेलं बघितलं होतं, कपाळ काचेला टेकून.

"बसा तुम्ही," ते म्हणाले. "तुमची सवय आहे. सव्वीस वर्षांची."

"नक्की?"

"मी काय, मागं बसणारा माणूस."

मास्तर बसले. मिनिटराव पलीकडं बसले आणि फाइल मांडीवर उघडून प्रत्येक थांब्यापुढं बरोबरची खूण करू लागले. पाचव्या खुणेपर्यंत त्यांच्या लक्षात आलं नाही, की आपला पाय स्थिर आहे. मास्तरांचा मात्र हलत होता: प्रत्येक वळणावर उजवं पाऊल खाली जायचं, बसच्या पत्र्यावर दाबलं जायचं, आणि वळण गेलं की वर यायचं. बाकी ते गाढ झोपले होते. पूल झोपेतच गेला.

दीपगृहापाशी बस दोन मिनिटं थांबली. पूर्वी पाच थांबायची. गेल्या वर्षी मिनिटरावांनीच ती पाचावरून दोनावर आणली होती. ‘थांबण्यास सबळ कारण आढळत नाही’ असा शेरा त्यांच्याच अक्षरात कुठल्यातरी कागदावर होता. बाहेर कड्याखाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सबळ कारण पसरलेलं होतं. मिनिटरावांनी तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. मग त्यांनी मधल्या वाटेपलीकडं हात लांब करून, छत्र्यांच्या गाठोड्यावरून, मास्तरांचा खांदा हलवला.

"मास्तर. समुद्र."

मास्तरांनी डोळे न उघडता विचारलं, "डाव्या हाताला?"

"डाव्या हाताला."

"बास," मास्तर म्हणाले आणि पुन्हा झोपले.

वाहकानं घंटी वाजवली. बस अगदी वेळेवर निघाली. किनारा दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी संपला. बस उंच असल्यामुळे समुद्र उजवीकडच्या सीटवरूनही पूर्ण दिसत होता.